माळावरचं दुर्मीळ झाड: कायद्याचं संरक्षण मागायचं की नाही, हे कसं ठरवावं

सोलापूरचा माळ म्हणजे वाळवंट नव्हे. वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. पण वर वीतभर मुरूम, खाली कातळ आणि दिवाळीनंतर मृगापर्यंत पाण्याचा टिपूस नाही, अशा जागी टिकणाऱ्या झाडांनी वाळवंटी झाडांचेच डाव उचललेत. माकडशिंगी खोडात पाणी साठवते. खरपुडी कंदात शिरून वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीवरून गायब होते. काही रोपटी चार सरींवर उगवतात, बी टाकतात आणि मोकळी होतात. जंगलातल्या झाडाचा हिशेब इथे लावला की उत्तर चुकतं. कधी धडधाकट झाड संकटात दिसतं, तर कधी मरू घातलेलं झाड सुरक्षित वाटतं.

एखादं झाड दोन-तीन माळांपलीकडे सापडत नाही म्हटलं की लगेच "याला कायद्यात घाला" अशी मागणी निघते. त्या आधी तीन प्रश्न सुटे करून घ्या. झाड दुर्मीळ आहे का? ते धोक्यात आहे का? आणि जो धोका आहे, तो कायद्याने टळेल का? तिन्हींची उत्तरं एकच असतील असं धरून चालू नका.

शिंदळ माकुडीच घ्या, म्हणजे फ्रेरिया इंडिका. शिवनेरीसारख्या मोजक्या डोंगरांच्या कड्यांवर उगवणारं हे झाड निर्विवाद दुर्मीळ आहे. पण उभ्या कड्यावर नांगर चालत नाही. तिथे भीती आहे ती दरड कोसळण्याची आणि हौसेने उपटून नेणाऱ्या हातांची. गुग्गुळाची गोष्ट उलटी. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या पट्ट्यात तो दूरवर पसरलेला आहे, तरी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, कारण जास्त डिंक मिळवायला खोल चिरा मारतात आणि झाडच वाळून जातं. पाताळतुंबडी, म्हणजे सेरोपेजिया बल्बोसा, आपल्या माळावर सहज दिसत नाही. पण देशाच्या कोरड्या भागांत तिचा पसारा मोठा आहे. फक्त सोलापूर जिल्ह्यापुरतं पाहून तिला संकटग्रस्त म्हटलं तर पुढच्या टेबलावरचा पहिला वनस्पतितज्ज्ञच कागद बाजूला सारेल.

आधी नाव पक्कं करा

संरक्षण मागणारे पुष्कळ प्रस्ताव नावावरच अडतात. माकडशिंगी आणि शिंदळ माकुडी ही नावं गावोगाव अदलाबदल होऊन वापरली जातात. फरक ओळखायला सोपा आहे: पावसाळ्यात शिंदळ माकुडीच्या खोडावर नीट पसरट पानं येतात, माकडशिंगीचं खोड चौकोनी, दातेरी आणि जवळपास बिनपानांचं असतं. खरपुडी हे नाव तर अख्ख्या सेरोपेजिया कुळीला लावतात. त्यांच्यातले फरक फुलात असतात, पानात नाहीत. पानावरून ओळखलेली खरपुडी म्हणजे न ओळखलेली खरपुडी.

फोटो घ्यायचे ते असे: पूर्ण झाड परिसरासकट, पान दोन्ही बाजूंनी, फूल बाजूने, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून, आणि एकच फूल ब्लेडने उभं चिरून आतल्या मुकुटाचा जवळून फोटो. खरपुडीच्या फुलाच्या कंदिलासारख्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. माशी आत जाते आणि केस सुकेपर्यंत अडकून राहते. नळीच्या तळाशी असलेला मुकुट हीच ओळखीची किल्ली आहे, आणि बाहेरून काढलेल्या फोटोत तो कधीच दिसत नाही. चिरलेलं फूल सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा. कागदात दाबलं तर त्याचा आकार जातो.

कंद उपटू नका. नमुना हवाच असेल तर वीस फुलणाऱ्या झाडांमागे एका झाडाची एक फांदी, इतकंच. एकूण झाडंच पन्नासच्या आत असतील तर फोटो आणि एक फूल पुरे. अभयारण्यात किंवा वनजमिनीवर नमुना घ्यायचा असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या. नाव पडताळायला पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र, आघारकर संशोधन संस्थेचा वनस्पतिसंग्रह आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ ही ठिकाणं आहेत. तिथले जुने नमुनेही बघून घ्या. शंभर वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर नुसतं "शोलापूर" लिहिलेलं असेल तर ते शहर, तालुका की अख्खा जिल्हा, हे कळायला मार्ग नसतो. अशी नोंद "पूर्वी इथे होतं" एवढ्यापुरती धरा, नकाशावर टिंब देऊ नका.

कधी मोजायचं, आणि किती वर्षं

पुनर्वसूपासून हस्तापर्यंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, निदान तीन फेऱ्या करा. पहिली फेरी कोंब ओळखायला, दुसरी मघा-पूर्वांत फुलं मोजायला, तिसरी हस्तात शेंगा मोजायला. फुलं भरपूर आणि शेंगा शून्य असतील तर ती वेगळी नोंद आहे. तिथे परागीभवन बिघडलंय आणि आज दिसणारी झाडं ही शेवटची पिढी असू शकते.

एका पावसाळ्याच्या मोजणीवर निकाल देऊ नका. किमान तीन पावसाळे लागतात आणि त्यात एक तरी वर्ष पावसाने ओढ दिलेलं असावं. का, ते एका काल्पनिक हिशेबातून बघा. समजा पहिल्या वर्षी ४० कंदवाल्या झाडांना खुणा केल्या. दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला आणि त्यातली २६च वर आली. घट झाली पस्तीस टक्के. आययूसीएनच्या घटीच्या निकषात "असुरक्षित", म्हणजे धोक्याच्या तीन वर्गांतला सगळ्यात खालचा, ठरायची रेघ तीस टक्क्यांवर आहे, त्यामुळे घाईत कोणीही प्रस्ताव लिहायला बसेल. तिसऱ्या वर्षी गायब झालेल्या १४पैकी १० झाडं त्याच जागी पुन्हा उगवली. ती मेली नव्हती, कंदात झोपली होती. खरी घट चार झाडांची, म्हणजे दहा टक्के, आणि त्या चारांपैकीही एखादं अजून झोपलेलं असू शकतं. आययूसीएनच्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: कंद किंवा बियांच्या रूपात जमिनीखाली असलेल्या झाडांमुळे दिसणारा चढउतार हा "टोकाचा चढउतार" धरायचा नाही. चार सरींवर उगवणाऱ्या रोपट्यांनाही हेच लागू आहे. त्यांची खरी लोकसंख्या मातीतल्या बियांत असते.

हे सगळं खुणेवर उभं आहे, म्हणून खूण नीट करा. लाकडी खुंटी जळणात जाते. रंगीत रिबन शेळी खाते. रंग मारलेला दगड पुढच्या वर्षी कोणाच्या तरी बांधावर सापडतो. तीन इंची खिळ्यात नंबर कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अडकवा आणि झाडाच्या उत्तरेला एक वीत अंतरावर, डोकं जमिनीबरोबर येईल इतका आत ठोका. मोबाइलचं जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतं आणि तेवढ्या जागेत दहा झाडं असू शकतात. त्यामुळे न हलणारे दोन मोठे दगड निवडून प्रत्येक खिळ्याचं दोन्ही दगडांपासूनचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. दोन अंतरांवरून जागा पुन्हा हमखास सापडते.

मोजायचं कसं

माळ मोठा असेल तर पट्टे आखा: १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद. जागा चिठ्ठ्या टाकून निवडा. "इथे भरपूर दिसतात" म्हणून तिथेच पट्टा टाकला तर आकडा फुगतो. असे १२ पट्टे म्हणजे ४,८०० चौरस मीटर, म्हणजे ०.४८ हेक्टर. त्यात फुलणारी ३६ झाडं सापडली तर हेक्टरी ७५. तशाच मुरमाड उताराची जागा एकूण ६ हेक्टर असेल तर अंदाज ४५० झाडांचा. यातल्या "तशाच" या शब्दावर सगळी भिस्त आहे. काळ्या मातीची पट्टी, चर खणलेला तुकडा, गिरिपुष्पाची लागवड हे सगळं त्या ६ हेक्टरांतून आधी वजा करा.

दुसरी चूक डोळ्यांची. कुसळी आणि पवन्या गवतात दोरीएवढी वेल लपते, आणि माकडशिंगी हेंकळीच्या किंवा तरवडाच्या बुडाशी, फांद्यांच्या आत वाढते. कोवळं रोप उन्हापासून आणि शेळीपासून तिथेच वाचतं. म्हणून एकाच पट्ट्यात दोन माणसं वेगवेगळी फिरवा. पहिल्याने सापडलेल्या झाडांचं टेपवरचं अंतर लिहायचं, दुसऱ्याला दाखवायचं नाही. समजा पहिल्याला २४ सापडली, दुसऱ्याला २०, आणि त्यातली १५ दोघांनाही सापडली. २४ गुणिले २० भागिले १५, उत्तर ३२. दोघांनी मिळून पाहिलेली झाडं २९, म्हणजे तीनेक झाडं दोघांच्याही नजरेतून निसटली. एकट्याच्या मोजणीत तर चौथा हिस्सा सुटला असता.

निकषांत मोजायची ती "प्रौढ" झाडं, म्हणजे बी धरू शकणारी. रोपं वेगळ्या रकान्यात लिहा, पण लिहा जरूर: रोपंच नसलेला माळ आणि रोपांनी भरलेला माळ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. माकडशिंगीचा एक झुबका म्हणजे किती झाडं, हा वाद नेहमीचा. तुटून वेगळा पडला तर स्वतःच्या मुळांवर जगू शकेल असा प्रत्येक भाग एक धरा. कोणता नियम लावला ते कागदावर लिहा आणि तिन्ही वर्षं तोच लावा.

जागेचा हिशेब

दोन आकडे काढायचे. पहिला पसाऱ्याचं क्षेत्र: सगळ्या ठिकाणांना बाहेरून दोरी गुंडाळली तर आत येणारं क्षेत्र. दुसरा प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र: नकाशावर २ किलोमीटर बाजूचे चौकोन आखायचे आणि झाड असलेले चौकोन मोजायचे. एक चौकोन ४ चौरस किलोमीटरचा. चौकोन लहान घेऊ नका. १०० मीटरचे चौकोन टाकले की कुठलंही झाड अतिसंकटग्रस्त दिसतं. जिओकॅट हे मोफत साधन हे दोन्ही आकडे काढून देतं.

संकटग्रस्त ठरायला पसारा ५,००० चौरस किलोमीटरच्या आत किंवा व्यापलेलं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या आत असावं लागतं. अतिसंकटग्रस्तसाठी अनुक्रमे १०० आणि १०, असुरक्षितसाठी २०,००० आणि २,०००. गंमत अशी की तीन चौकोनांत सापडणारं कुठलंही झाड ५००च्या आतच येतं. म्हणून नुसतं क्षेत्र कधीच पुरत नाही. सोबत तीनपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: एक, ठिकाणं पाच किंवा त्याहून कमी, किंवा सगळे गट एकमेकांपासून पार तुटलेले; दोन, घट चालू असणं; तीन, टोकाचा चढउतार. हौशी प्रस्ताव सगळ्यात जास्त इथेच गळतात. क्षेत्र मोजलेलं असतं, पण घटीचा पुरावा नसतो.

"ठिकाण" हा शब्दही फसवा आहे. ठिकाण म्हणजे गाव नव्हे आणि सर्वे नंबरही नव्हे. एकाच आपत्तीत एकदम संपू शकेल तेवढा भाग म्हणजे एक ठिकाण. एकाच गायरानावर तीन टेकाडांवर झाड आहे आणि ते सगळं गायरान एका सौर प्रकल्पाला जाणार असेल, तर ते एकच ठिकाण. तीन गावांच्या तीन खासगी पडांवर असेल आणि प्रत्येक मालक आपापल्या वेळी नांगरणार असेल, तर तीन.

बाकीचे निकष थोडक्यात. प्रौढ झाडं ५०च्या आत असतील तर अतिसंकटग्रस्त, २५०च्या आत संकटग्रस्त, १,०००च्या आत असुरक्षित, मग घट असो वा नसो. घट चालू असेल आणि सोबतच्या उपअटीही पुऱ्या होत असतील तर हेच आकडे २५०, २,५०० आणि १०,०००वर जातात. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जे जास्त असेल त्यात, झालेली घट ऐंशी, पन्नास किंवा तीस टक्के असेल तरी त्याच तीन पायऱ्या. मात्र ही सगळी मापं झाडाच्या जगभरातल्या पूर्ण लोकसंख्येसाठी आहेत. झाड शेजारच्या विजयपूर-कलबुर्गीच्या माळांवर भरपूर असेल आणि बी तिकडून येऊ शकत असेल, तर सोलापुरापुरता काढलेला वर्ग एक पायरी खाली आणावा लागतो. आणि आकडा रेघेच्या जवळ असेल तर लपवू नका. "२०० ते ३१०" असं लिहिलेलं चालतं, "२४९" लिहिलेलं बघून हसतात.

त्याला मारतं कोण?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. झाडाच्या प्रत्येक ठिकाणासाठी एकच प्रश्न लिहून उत्तर भरा: पुढच्या दहा वर्षांत हे इथून गेलं, तर कशाने जाईल?

आपल्याकडची उत्तरं फार नाहीत. जेसीबी लावून मुरमाड पड सपाट करून ऊस किंवा डाळिंब लावणं. मुरमाचा उपसा. गवताळ माळावर खड्डे आणि सलग समतल चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ लावणं. हे काम झाडं लावण्याचं असल्याने त्याला धोका म्हणायला कोणी धजत नाही, पण उघड्या उन्हात जगणाऱ्या झाडाला सावली मारते. सौर आणि पवन प्रकल्प. वेडी बाभूळ आणि गाजर गवत. कंद खणणं, हौशी संग्राहकांची चोरी. चराईचं नाव लोक पहिलं घेतात. ते शेवटी घ्या. मेंढरं हटवून कुंपण घातलेल्या तुकड्यात दोन-तीन वर्षांत गवत कमरेएवढं होतं आणि बुटकं झाड दिसेनासं होतं. कुंपणाच्या आत आणि बाहेर सारखेच पट्टे मोजा, मग चराईवर बोला.

घटीचा पुरावा असा मिळतो: गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं वर्षवार बघा आणि झाड असलेल्या किंवा असू शकणाऱ्या माळातला किती हेक्टर कधी नांगरला गेला त्याचा तक्ता करा. सेंटिनेल-२ या उपग्रहाची दहा मीटरची चित्रं २०१५पासून मोफत आहेत. उजनीच्या कालव्यांखालचा पट्टा आणि कालव्यापासून दूरचा पट्टा वेगळा मोजा, दोन्हींचा वेग एक नाही. जमीन वापराच्या नकाशांत आपला माळ "पडीक" या रंगात जातो, म्हणून तयार आकडेवारीवर विसंबू नका.

मग तलाठ्याकडून सातबारा काढा. प्रत्येक ठिकाणची जमीन कोणाची, हे कळल्याशिवाय कायद्याचा विचारच करता येत नाही. वनजमीन, गायरान, खासगी पड, आणि खासगी गटातलं पोटखराब क्षेत्र हे चार प्रकार वेगळे लिहा. पोटखराबाकडे नीट बघा: "अ" वर्गाचं पोटखराब लागवडीखाली आणून आकारणीला लावता येतं. कागदावर निरुपयोगी दिसणारी ती वीस गुंठे कातळपट्टीच अनेकदा झाडाचं घर असते, आणि मालकाला ती सुधारायची घाई असते.

कोणता कायदा कोणता हात धरतो

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चा. त्यात वनस्पतींचं प्रकरण १९९१च्या दुरुस्तीने आलं. तेव्हाच्या सहाव्या अनुसूचीत घटपर्णी, कुठ, निळा आणि तांबडा वांडा अशा सहाच नोंदी होत्या. २०२२च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३पासून, वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम १७अ नीट वाचा. उपटण्या-तोडण्याची बंदी वनजमिनीवर आणि केंद्राने अधिसूचनेने ठरवलेल्या क्षेत्रात आहे. बाळगणं आणि विक्री यांवरचा अंकुश त्याहून व्यापक. म्हणजे झाड विकलं जात असेल तर हा कायदा उपयोगी. शेतकरी स्वतःची पड नांगरत असेल तर अनुसूचीत नाव घालून नांगर थांबत नाही.

जैविक विविधता अधिनियम २००२च्या कलम ३८खाली, नष्ट होण्याच्या मार्गावरच्या प्रजाती राज्याशी सल्लामसलत करून अधिसूचित करता येतात. त्यातही मुख्य भर गोळा करण्यावर बंदी आणि झाडाचं पुनर्वसन यांवर आहे. जागा वाचवायची असेल तर त्याच कायद्याचं कलम ३७ जास्त कामाचं: जैवविविधता वारसा स्थळ. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळची जागा २०२१ साली एका छोट्या माशासाठी अशी जाहीर झाली. गायरानावरच्या दोन-चार हेक्टर कातळासाठी हा मार्ग अनुसूचीपेक्षा लवकर पोचतो, कारण सुरुवात ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपासून होते. युफोर्बियाच्या रसाळ जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, पण त्याचा संबंध सीमेपलीकडच्या व्यापाराशी, बांधावरच्या शेराशी नाही.

झाड वनजमिनीवर असेल आणि धोका वृक्षारोपणाचा असेल तर नवा कायदा लागतच नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला खिळ्यांचा नकाशा द्या आणि कार्य आयोजनात, म्हणजे वन विभागाच्या कामांच्या आराखड्यात, तो तुकडा वगळून घ्या.

अमेरिकेतल्या दोन वाळवंटी झाडांचे निकाल शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. नेवाडातलं टीम्स बकव्हीट हे झाड साऱ्या जगात जेमतेम १० एकरांत आहे, तेही लिथियमच्या साठ्यावर. २०२० साली कोरड्या हंगामात उंदरांसारख्या प्राण्यांनी मुळं कुरतडून त्याची हजारो झाडं संपवली. डिसेंबर २०२२मध्ये ते संकटग्रस्त जाहीर झालं आणि ९१० एकर जागा त्याच्यासाठी महत्त्वाची म्हणून आखली गेली. उलट जोशुआ ट्रीला धोका वाढत्या उष्णतेचा, पण झाडं अफाट. केंद्रीय यंत्रणेने २०१९ आणि २०२३मध्ये त्याला यादीत घ्यायला नकार दिला आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२३ साली त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तिथलाही केंद्रीय कायदा खासगी जमिनीवरच्या झाडाला सहसा हात लावत नाही, हे आपल्या कलम १७अबरोबर ताडून बघा.

आणि घरचा धडा. माळढोकासाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. त्यात शेतं आली, गावं आली. जमिनीच्या व्यवहारांना आणि बांधकामाला अडचण आली की लोकांचा राग सरकारी फाइलीपेक्षा पक्ष्यावर निघायचा. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करावं लागलं. हे सोलापूरकर विसरलेले नाहीत. "तुमच्या रानात दुर्मीळ झाड आहे" हे वाक्य ऐकल्याबरोबर जेसीबी बोलावला जाऊ शकतो. म्हणून खासगी पडावर आधी मालकाशी बोला, करार करा, चार गुंठे वगळायला लावा. अधिसूचनेचा विषय त्यानंतर.

प्रस्तावात काय असावं

दहा-बारा पानं पुरतात. नाव आणि ते कोणी पडताळलं, तीन वर्षांची मोजणी, पद्धतीसह, दोन्ही क्षेत्रं, ठिकाणनिहाय जमिनीचा प्रकार आणि धोका, लागू होणारा निकष त्याच्या पूर्ण अटींसह, आणि मागणी, नेमकी एक. "योग्य ती कारवाई व्हावी" या मागणीवर कोणतीच कारवाई होत नाही. जैवविविधता व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून तो नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवा.

अचूक ठिकाणं मूळ प्रस्तावात घालू नका. ती वेगळ्या सीलबंद पाकिटात द्या. सार्वजनिक प्रतीत तालुक्याचं नाव पुरे. फोटोंमधली जीपीएसची माहिती काढून मगच ते कुठेही टाका. कंदवाल्या झाडांचे शौकीन चोर बातमीतला डोंगर क्षितिजावरून ओळखतात.

उत्तर "आत्ता कायदा नको" असं आलं तरी वही फेकू नका. खिळ्यांची यादी आणि दगडांपासूनची अंतरं गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या, म्हणजे मोजणारी माणसं बदलली तरी पुढच्या उत्तरा नक्षत्रात कोणीतरी टेप घेऊन तोच खिळा शोधू शकेल.